कालच्यापेक्षा बरं की वाईट?

‘मोअर बेटर’ असं इंग्रजीत काही नसतं. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, की झोपेतही म्हणतो असं बायकोचं म्हणणं आहे. कॉलेजातून निवृत्त झालो तेव्हा ठरवलं होतं, आता व्याकरण बंद. सकाळी हिमायतबागेत फिरायचं, पेपर वाचायचा, दुपारी पडायचं. जेमतेम एक उन्हाळा निघाला. मला मुळात एका जागी बसवत नाही. वर्गातसुद्धा कधी खुर्चीत बसून शिकवलं नाही. खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा येरझाऱ्या घालत शिकवलं. शेवटी सिडकोत एका औषधाच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली आणि परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्सांना इंग्रजी शिकवायला लागलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नर्सला इंग्रजी कशाला शिकवायचं? औषधांची नावं तर इंग्रजीच असतात. खरंय. माझ्याकडं येणाऱ्या पोरी पैठण, गंगापूर, सिल्लोडकडच्या. शिक्षण मराठी शाळेत. कामाला पक्क्या. रडणाऱ्या लेकराची शीर पहिल्या झटक्यात शोधणाऱ्या. पण परदेशात नोकरी लागायची तर इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते आणि तिच्यात बोलायचा एक भाग असतो. हातात एक कार्ड मिळतं. त्यावर पेशंटचा त्रास लिहिलेला. समोरचा माणूस पेशंट होतो, तुम्ही नर्स व्हायचं आणि त्याच्याशी पाचेक मिनिटं इंग्रजीत बोलायचं. माझ्या वर्गात आम्ही जोड्या पाडतो. एक नर्स, एक पेशंट. मग अदलाबदल.

गाडी अडते ती ‘कालच्यापेक्षा जास्त दुखतंय का’ या वाक्याशी.

शाळेत या सगळ्यांनी ‘चेंज द डिग्री’ घोटलेलं असतं. ‘व्हेरी फ्यू’नं सुरू होणारं वाक्य ‘वन ऑफ द’मध्ये असं उलटवून देतील की बघत राहावं. पण समोर जिवंत माणूस कण्हतोय, त्याला विचारायचं म्हटलं की तोंडातून ‘मोअर पेन देन टुडे यस्टरडे’ असं काहीतरी येतं. दोष त्यांचा नाही. मराठीत उंच तो उंचच राहतो. ‘त्याच्यापेक्षा उंच’ म्हणा नाहीतर ‘सगळ्यांत उंच’ म्हणा, ‘उंच’ जागचा हलत नाही. इंग्रजीत शब्दालाच शेपूट फुटतं. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. लांबलचक शब्दाला ते शेपूट पेलत नाही, म्हणून त्याच्या पुढं मोअर आणि मोस्ट लावायचे. आणि गुड, बॅड ही तर लाडानं बिघडलेली पोरं, कुठलाच नियम पाळत नाहीत. गुडचं बेटर, बॅडचं वर्स. मग आमची पोरगी सावधपणा म्हणून दोन्ही लावते. मोअर बेटर, मोअर वर्स. जेवणावर जेवण.

आमच्या वर्गात एक ब्रदर होता, म्हणजे पुरुष नर्स, सिल्लोडकडचा. त्याला ‘एस्ट’चा भारी नाद. कुठल्याही शब्दाला लावायचा. एकदा कार्डावर मधुमेहाचा पेशंट होता. हा ताठ बसला आणि म्हणाला, ‘सर, युवर शुगर इज द हायेस्ट इन द वॉर्ड.’ असा हसून, की बक्षीसच जाहीर करतोय.

मी म्हटलं, “अरे, पेशंट घाबरून जागीच जाईल.”

“पण सर, व्याकरण तर बरोबर हाय ना?”

व्याकरण बरोबर होतं. तो आता परदेशात आहे आणि चांगलं काम करतोय. पण मी तेव्हापासून वर्गात सांगायला लागलो, की पेशंटची तुलना दुसऱ्या पेशंटशी करायची नाही; त्याची त्याच्याशीच करायची. काल कसं होतं, आज कसं आहे. ताप थर्मामीटर सांगतो, बीपी मशीन सांगतं. पण कालच्यापेक्षा बरं की वाईट, हे त्या माणसालाच विचारावं लागतं. त्यात लोक खरं सांगत नाहीत. डॉक्टरला, नर्सला बरं वाटावं म्हणून ‘बरंय, बरंय’ म्हणतात. म्हणून नुसत्या ‘बेटर’वर थांबायचं नाही. ‘बेटर दॅन व्हॉट’ असं विचारायचं. कशापेक्षा बरं?

नंदा आणि शबाना ही जोडी माझ्याकडं आली ती अशीच एका पावसाळ्यात. दोघी एकाच खासगी दवाखान्यात, एकाच वॉर्डात. शबाना शहरातलीच, किराडपुऱ्यातली. बोलायला धीट. मराठी बोलता बोलता मध्येच तिची घरची बोली घुसायची. नंदा पाचोडजवळच्या एका वस्तीवरची, मेंढपाळ घरातली. वडील लवकर गेले. भाऊ बिडकीनला कंपनीत, आई अजून मेंढरांमागं. नंदा कमी बोलायची. कार्डावर जेवढं लिहिलंय तेवढंच, एक शब्द जास्त नाही. मी तिला सांगून थकलो होतो, की बाई, जरा मनानं बोल, पेशंट काही कार्ड वाचून दुखणं सांगत नसतो. ती मान हलवायची आणि पुन्हा कार्डावरचंच बोलायची.

त्या दुपारी त्यांच्या वाट्याला पाय मुरगळल्याचं कार्ड आलं. पेशंटचा घोटा सुजलाय, काल पायरीवरून पाय घसरला, एवढंच. नंदा पेशंट, शबाना नर्स. मी नेहमीप्रमाणं खिडकीकडं चाललो होतो.

शबानानं विचारलं, ‘इज द स्वेलिंग बिगर दॅन यस्टरडे?’ सूज कालच्यापेक्षा वाढलीय का?

‘येस,’ नंदा म्हणाली. ‘इट इज बिगर दॅन लास्ट मंथ.’

मी मनात म्हटलं, ‘बिगर’ छान आलं, पण काल म्हणायच्या ठिकाणी गेला महिना म्हणाली. शबानालाही चूकच वाटली असावी. तिनं तोच शब्द परत विचारला, ‘लास्ट मंथ?’

‘येस. लास्ट मंथ इट वॉज स्मॉलर. अँड सॉफ्टर. नाऊ इट इज हार्डर.’

गेल्या महिन्यात लहान होती, मऊ होती, आता कडक झालीय. मी खिडकीपाशी थांबलो. मुरगळलेल्या पायाचं असं कुणी सांगत नाही.

शबानानं कार्ड मांडीवर पालथं ठेवलं आणि आवाज होता तसाच ठेवून विचारलं, ‘इज इट पेनफुल?’

‘नो,’ नंदा म्हणाली. ‘इट इज नॉट पेनफुल.’ आणि थोडं थांबून, ‘दॅट इज वर्स.’

दुखत नाही. तेच जास्त वाईट आहे.

‘मोअर वर्स’ म्हणाली नाही. नंदा पहिल्यांदाच ते वाक्य बरोबर बोलली होती आणि मी शाबासकी द्यायचं विसरलो होतो. न दुखणारी, कडक होत जाणारी गाठ म्हणजे काय, हे त्या दोघींना मी सांगायची गरज नव्हती.

शबानाला तर ते माझ्या आधी कळलं होतं. ती मराठीत आली नाही, हिंदीत आली नाही. तिनं इंग्रजीतच पुढचा प्रश्न विचारला, ‘व्हिच साइड?’ नंदानं डावा हात छातीशी घेतला आणि म्हणाली, ‘लेफ्ट.’ आणखी दोन-तीन प्रश्न झाले. केव्हा लक्षात आलं, काखेत काही लागतं का, कुणाला दाखवलं का. नंदा सगळ्यांची उत्तरं देत होती. भिंतीकडं बघत, शांत आवाजात, एकही शब्द न चुकता. बाकीच्या जोड्या आपापलं बोलण्यात गुंतल्या होत्या. मी टाळी वाजवून बाकीच्यांना चहाला पाठवलं. पण खुर्च्या सरकल्या, आवाज झाला, तशी नंदाही उठली आणि सगळ्यांबरोबर खाली उतरली. चहा न घेता परस्पर गेली.

मी साठी ओलांडलेला पुरुष, त्यात मास्तर. एका तरण्या पोरीशी या विषयावर मी काय बोलणार? घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही बोलू नका, पण ती बोलेल अशी व्यवस्था करा.” मी शबानाला फोन केला. ती म्हणाली, “सर, मैं कब से फोन लगा रही हूँ, उठातीच नै.” ड्यूटीवरही नंदा तिला टाळत होती. दुसऱ्या दिवशी नंदा वर्गाला आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी शिकवत होतो, पण कान जिन्याकडं होते. संध्याकाळी उगाच टीव्ही सेंटर चौकापर्यंत चालत जायचो आणि परत यायचो. परीक्षा जवळ आली होती. मला भीती होती, की ती परीक्षेपर्यंत थांबायचं ठरवणार, आणि मग निकालापर्यंत, मग व्हिसापर्यंत.

मग एका दुपारी ती आली. काही झालंच नाही अशी. आपल्या जागी बसली आणि म्हणाली, “सर, आज कुठलं कार्ड?”

शबाना तिच्या शेजारी येऊन बसली. “मैंने सोमवार का अपॉइंटमेंट लिया. सोनोग्राफी का. तू आ रही है.”

“कशाची सोनोग्राफी?”

“तेरेकू मालूम है कशाची.”

“अगं, ते रोल प्ले होतं,” नंदा म्हणाली. “कार्डावरचं बोलत होते मी. हो ना सर?”

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या एका ‘हो’नं ती सुटली असती. मी टेबलावरून ते कार्ड काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं. “यात घोटा आहे, नंदा,” मी म्हटलं. “पाय मुरगळलाय.”

तिनं कार्ड वाचलं. मग ते बाजूला सरकवलं आणि मराठीत बोलायला लागली. तिच्या आत्याला असंच झालं होतं. आत्या लाजेनं कुणाला बोलली नाही आणि बोलली तेव्हा उशीर झाला होता. वस्तीवर तेव्हापासून ‘गाठ’ हा शब्द कुणी मोठ्यानं बोलत नाही. बायका बोटानं खूण करतात. “मला रोज रात्री हाताला लागायची,” ती म्हणाली. “मी नर्स आहे, मला कळत नाही का? पण ‘गाठ’ म्हणलं की मला आत्याच दिसती. त्या दिवशी शबानानं विचारलं, बिगर दॅन यस्टरडे. अन् माझ्या तोंडातून ते निघून गेलं. सर, परीक्षा झाली की दाखवलं तर किती फरक पडंल?”

मी खरं तेच सांगितलं. “मला माहीत नाही. पण तुझा पेशंट असं म्हणाला असता, तर तू काय सांगितलं असतंस?”

शबानानं नंदाची पर्स उचलली, खांद्याला लावली आणि म्हणाली, “सोमवार तक मेरे घर रहना. नक्को बोलू नको.” दोघी स्कूटीवर गेल्या.

सोनोग्राफी झाली, मग सुई घालून तुकडा काढला, मग अहवालाची वाट. ते दिवस मी कसे काढले ते सांगता यायचं नाही. अहवाल वाईट आला. पण शबानानं फोनवर पहिलं वाक्य सांगितलं ते असं, “सर, जल्दी पकड़ में आया. डॉक्टर बोले, साल-छे महीने बाद आती तो बात अलग थी.” शहरातल्याच कॅन्सरच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. नंतर केमो. नंदाची परीक्षा बुडाली. शबानानं दिली. निकालाच्या दिवशी ती नंदाच्या कॉटशी बसून होती आणि पास झाल्याचं तिला सांगायला घाबरत होती. नंदानंच तिचा मोबाइल ओढून निकाल पाहिला आणि म्हणाली, “माझ्यापेक्षा तुझी बोलण्यातली ग्रेड चांगली येणारच होती. सरावाला खरा पेशंट कुणी दिला होता?”

शबाना आता आयर्लंडमध्ये आहे. नंदाचे उपचार संपले. केस पुन्हा आलेत, आधीपेक्षा कुरळे. ती कामावर रुजू झालीय. दर काही महिन्यांनी तपासणी असते. आतापर्यंतच्या सगळ्या चांगल्या आल्यात. तपासणीचा आठवडा आला की मला वर्गात काही सुचत नाही. मुलींना जोड्या पाडून देतो आणि नुसता फिरत राहतो. पूर्वी मी चुका ऐकायचो. आता कुणी कार्ड सोडून काही बोललं की मी जागीच थांबतो.

या सगळ्यात एक माणूस माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नंदाची आई.

मागच्या महिन्यात एका दुपारी वर्ग सुटल्यावर जिन्यात पावलं वाजली. नऊवारीतली, उन्हानं रापलेली एक बाई दारात उभी. हातात कापडी पिशवी. “इंग्लिशचे सर तुमीच का?” म्हणाली. “मी नंदाची माय. कौसाबाई.”

मी खुर्ची दिली. त्या जमिनीवरच बसल्या, म्हणून मीही खाली बसलो. पाणी दिलं. पाचोडच्या बाजाराला म्हणून घरातून निघाल्या होत्या आणि बाजार सोडून इकडच्या एसटीत बसल्या होत्या. नंदाला ठाऊक नव्हतं.

“सर, एक इचारू का?”

“विचारा ना.”

“शबानानं सांगितलं मला, दवाखान्यात. का नंदा पयल्यांदा हितं बोलली म्हणून. इंग्रजीतून.” त्यांनी खोलीभर नजर फिरवली. फळा, खुर्च्या, खिडकी. “मी तिची माय हाय. एका पांघरुणात झोपायचो आमी. मला नाय बोलली. हितं बोलली. त्या भाषेत असं काय हाय, सर?”

मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवली. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून बोलली नसेल.”

“ते व्हय. पर आता बी नाय बोलत. फोन केला का म्हणती, बरी हाय. कवाबी इचारा, बरी हाय. ऑपरेशन झालं तवा बी बरीच व्हती. डोक्याचे केस गेले तवा बी बरीच व्हती. मला लई भ्या वाटतं त्या ‘बरी’चं.” त्यांनी पिशवीतून मोबाइल काढून पुढं ठेवला. “मला त्ये वाक्य शिकवा. शबाना काय म्हणली व्हती त्ये. इंग्रजीत इचारलं का ती खरं बोलती.”

मी नको म्हणणार होतो. म्हटलं नाही. त्यांना म्हटलं, सोपं करू. ‘बेटर ऑर वर्स?’ बरं की वाईट? आणि ‘दॅन यस्टरडे’, म्हणजे कालच्यापेक्षा.

“म्हंजी कालच्यापरीस,” त्या म्हणाल्या.

“बरोबर. कालच्यापरीस.”

त्यांनी म्हणून पाहिलं. ‘बेटर’ लगेच आलं. ‘वर्स’चं ‘वरस’ व्हायचं. मी दुरुस्त केलं नाही. ‘यस्टरडे’ जड जात होतं, तेव्हा त्यांनीच म्हटलं, ते राहू द्या, तेवढं मी मराठीतून म्हणते. ओठातल्या ओठात घोकत त्यांनी नंदाचा नंबर लावला. मी उठून खिडकीकडं गेलो.

पलीकडून नंदानं घाबरून काहीतरी विचारलं असावं. कौसाबाई म्हणाल्या, “काय नाय झालं. ऐक. कालच्यापरीस, बेटर का वरस?”

मला वाटलं फोन कटला. कौसाबाई कानाला मोबाइल दाबून तशाच बसून होत्या. मग बारीक आवाज यायला लागला आणि तो थांबेनाच. कौसाबाई मध्येच ‘व्हय’ म्हणायच्या. एकदा पदर डोळ्यांना लावला. “अन् मग जेवतीस का?” म्हणाल्या. पुन्हा ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “तपासनीला मी येते. एकटी नको जाऊस. मेंढरांचं बघन तुजा भाऊ.” आणि फोन ठेवला.

मी वळून विचारलं, “काय म्हणाली?”

“कालच्यापरीस बरी हाय म्हणली. पर तपासनी जवळ आली का रातचं झोप येत नाय. उशी कवटाळून बसून राहती म्हणली. आत्या दिसती म्हणली.” त्या पिशवी घेऊन उठल्या, दारापर्यंत गेल्या.

“इंग्रजीत बोलली का?” मी विचारलं.

“नाय,” कौसाबाई म्हणाल्या. “आपल्यातच बोलली.”